बाबांनी वाचवलेली माकडं

गुरी तलाव, मंगळवार

नेरेईदाताई,

बाबांकडून माझ्या वाटणीचाही आशीर्वाद मागून घे. मी ठणठणीत आहे.

धरण भरताना बाबांनी होडीतून माकडं नेऊन सोडली, त्या टेकडीवर जाऊन आलो. आता तिचं एवढंसं बेट उरलंय. पलीकडच्या मोठ्या बेटावर हरणं, जग्वार, सगळं टिकलंय. इथे मुंग्या खाणारं जनावरसुद्धा तगलं नाही, म्हणून पानं कातरणाऱ्या मुंग्यांनी झाडं बोडकी केलीत. एरवी पहाटे कळपाने ओरडून रान दणाणून सोडणारी ही माकडं एकेकटी बसून असतात, ओरडतही नाहीत.

होडीवाले नेमेसियोकाका म्हणाले, "म्हाताऱ्याला कळवू नकोस रे. तेवढ्यावरच तर मिरवतो."

बाबांचा खोकला कसा आहे?

त्यांना पत्र वाचून दाखवताना मधलं गाळ. म्हणावं, माकडं इतकी बोंबलतात की एलादियोला झोप लागत नाही.

झोप लागत नाही, एवढं खरं आहे.

तुझाच,
एलादियो