मी शोधून काढलेलं आंधळं गाव

१२ मे, सकाळ
निर्णय पक्का. ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचं शिक्षण. अकोल्याच्या कॉलेजात जागा थोड्या, अर्ज ढीगभर, म्हणून मुलाखत. बारावीचे मार्क कमी आहेत (दुसऱ्या खेपेला पास), पण अर्जात ‘सामाजिक कार्य’ असा रकाना आहे. तिथे मी सगळ्यांना मागे टाकणार. बाबांची अट : यंदा नंबर लागला नाही, तर त्यांच्या खत-बियाण्यांच्या दुकानात बसायचं. हसू आलं.

१४ मे
डोळे तपासायचा तक्ता छापून आणला. मोठ्यापासून बारीकपर्यंत नुसते इंग्रजी ई, चारी दिशांना तोंडं केलेले. पेशंटने बोटांनी दिशा दाखवायची. आईवर सराव सुरू केला. ती म्हणाली, “सरक ना बे, मले गॅस दिसून नाही राहिला.” नोंद केली : दृष्टी कमजोर.

१८ मे, संध्याकाळ
तिवस्याजवळ शालूआत्याच्या गावी, समाजमंदिरात माझं नेत्रशिबिर. आत्याने घरोघरी सांगितलं होतं, “ज्याले दिसत नाही त्याले माहा भाचा फुकट चष्मा देणार.” शब्द थोडे इकडचे तिकडे, पण गर्दी झाली.
पहिले देवमनकाका. सर्वांत मोठा ई दाखवला. “काई नाही दिसत.” मागच्यालाही दिसेना. त्याच्या मागच्यालाही! त्रेपन्नपैकी त्रेपन्न! एका बाईने विचारलं, “काळ्या फ्रेमचा भेटन काय?” अंधारातही केवढी आशा.
निघताना देवमनकाका शेताच्या पार पलीकडून ओरडले, “संघपाल, गाडीचं स्टँड वर कर बे, पडशीन!” दृष्टी गेली की कान किती तिखट होतात.

२० मे
अर्जाला जोडायचा अहवाल लिहिला. शीर्षक : ‘एका संपूर्ण दृष्टिहीन गावाचा शोध’. एकेक वेलांटी तपासली. आत्याचा फोन. “चष्मे कवा येते? लोकं मले दारात गाठून राहिले.” शिबिर फक्त तपासणीचं होतं, असं समजावलं. “मंग तपासलं कायले?” खेड्यात संशोधनाची जाण कमी.

२ जून, अकोला बसस्थानक
मुलाखत अप्रतिम! मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी माझा अहवाल दोनदा वाचला. विचारलं, हे सगळे शिबिराला आले कसे? अभिमानाने सांगितलं, बरेचसे स्वतःच्या मोटारसायकलवर. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. शेजारचे सर खिडकीकडे तोंड करून गदगदा हलत होते. इतकी हळवी माणसं मी पाहिली नव्हती. शेवटचा प्रश्न : पेशंट म्हणाला दिसत नाही, तर काय कराल? म्हटलं, विश्वास ठेवीन. मॅडम म्हणाल्या, “म्हणूनच हा कोर्स चार वर्षांचा आहे.” चार वर्षं! म्हणजे प्रवेश धरूनच चालल्यात. पेढे घेतले.

१० जून
यादी लागली. माझं नाव नाही. वरून पाहिलं, खालून पाहिलं, मोबाईल आडवा करून पाहिलं. फोन केला. मॅडम म्हणाल्या, नंबर नाही लागला, पण तुमच्या अहवालामुळे आमची टीम त्या गावात जाणार आहे. हवं तर खुर्च्या लावायला या. म्हणजे निम्मा तरी आत!

१४ जून
आज गावाला सगळं दिसलं. शेवटची ओळसुद्धा. देवमनकाकांनी तर तक्त्याच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. मला वाटलं, गाव सुधारलं! मग आत्याने कानात सांगितलं : ज्याले दिसत नाही त्याले गाडीत टाकून ऑपरेशनले नेतात, अशी बोंब झाली होती. मॅडमनी माझा कागद आणि त्यांचा कागद शेजारी ठेवला. “डोळे तेच आहेत, संघपाल. तेव्हा का दिसत नव्हतं आणि आज का दिसतंय, हे समजलं की पुढच्या वर्षी या.”
खुर्च्या उचलल्या.

१६ जून
दुकान. बाबांनी खताच्या पोत्यावरची बारीक तारीख वाचायला लावली. वाचली.
“बस मंग गल्ल्यावर.”
निवड जागच्या जागी झाली.