जिंकणारीच्या बापाचं नाव

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज भांडायला मला तुम्हीच आठवलात. महूला आलेय, हॉलच्या पायऱ्यांवर बसलेय. आत माझ्या पोरीची फायनल आहे, कुस्तीची. तिच्या आधी अजून एक जोडी खेळायची आहे. अक्षरं तुम्हीच गिरवून घेतलीत, तेव्हा चुका निघाल्या तर तुमच्या.

बडा गणपतीजवळच्या तुमच्या घरी मी पोळ्या लाटायचे आणि तुम्ही तिथेच स्टुलावर बसून ग्रीक लोकांचं ते जुनंपुराणं गाणं मराठीत आणायचात. पैलवान जिंकून गावी आला की सगळ्यांनी मिळून गायचं, असलं गाणं. अजून दिसतं मला. तुम्ही वाचताय, बाप असा, आजा तसा, गाव असं, गावचा देव असा, आणि इकडे माझी पोळी करपतेय. म्हटलं, ‘‘अहो, पण कुस्ती कुठेय यात? घाम पोराचा आणि आरती बापाची?’’ तुम्ही हसला नाहीत. ‘‘रीत आहे ती. एकटा कुणी जिंकत नाही, घराणं जिंकतं.’’ ‘‘आणि बापाने काडी हलवली नसेल तर?’’ ‘‘तरी नाव येतं. मध्ये बोलू नकोस, ओळ तुटते.’’ लाटणं आपटून मी निघून गेले, कणीक तशीच परातीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः केलेल्या जाड, कच्च्या पोळ्या मला वाढल्यात.  मी सगळ्या खाल्ल्या.

आता ऐका. पोरगी कुस्ती खेळणार म्हणाली तेव्हा तिच्या बापाने आम्हा दोघींचं सामान रस्त्यावर ठेवलं. मानपुरला भावाकडे राहून, ढाब्यावर पोळ्या लाटून मी तिला इथवर आणली. आज तोच बाप इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलाय. शेजारच्याला सांगत होता, ‘‘आखिर खून तो अपना है, भिया.’’ मघाशी माइकवाला माझ्याकडे आला. ‘‘आंटीजी, जीतने वाली के साथ पिताजी का नाम बोलते हैं. क्या बोलूं?’’ म्हटलं, ‘‘आईचं बोल.’’ ‘‘अरे, ऐसा नहीं चलता,’’ म्हणाला आणि सरळ त्याच्याकडे गेला. याने उभं राहून सांगितलं, आजोबाच्या नावासकट! मी उठले तर पोरगी माझ्यावरच ओरडली, ‘‘आई, आज तमाशा नको. बाहेर बस.’’

म्हणून बाहेर बसलेय. तुमचंच गाणं वाजणार आहे आत, बाई, आणि त्यात मी कुठेच नाही. रीत म्हणे. तुम्ही असतात तर विचारलं असतं, ही रीत काढली कुणी? पोळ्या लाटणारीने तर नक्कीच नाही.

तिला पुकारलं. जाते आत. हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. हरलेल्याच्या बापाचं नाव तुमच्या त्या गाण्यातही नव्हतं. इथेही कुणी घेत नाही. आणि मघाशी, क्षणभरच, मला वाटलं, हरू दे.