समोरच्या दुकानाविषयी तेवीस प्रश्न

११ मार्च
दिल्लीहून जाड लिफाफा, रजिस्टर. पोस्टमन म्हणाला, "काकू, सई करा, सरकारी दिसते." उघडला तर प्रश्नावली. माझ्या दुकानात ज्या कंपनीचं बियाणं आहे ती आणि समोर उत्तमभाऊंकडे जिचं आहे ती, दोन्ही एक होणार म्हणे. परवानगी देण्याआधी दिल्लीचा स्पर्धा आयोग दुकानदारांना विचारतो आहे, भाव वाढतील का, शेतकऱ्याला दुसरीकडे जायला जागा उरेल का. तेवीस प्रश्न. केनवडच्या बाईला दिल्ली विचारते आहे! हे असते तर लिफाफा फ्रेम करून लावला असता.
वर ठळक सूचना: उत्तरे प्रतिस्पर्ध्यास दाखवू नयेत.
संध्याकाळी उ.भाऊंच्या काउंटरवर तसाच लिफाफा. मी बघते आहे म्हटल्यावर त्यांनी त्यावर वजनकाटा ठेवला.

१३ मार्च
प्र. १, सर्वात जवळच्या प्रतिस्पर्ध्याचे नाव. लिहिलं. अंतर किलोमीटरमध्ये हवं. रस्ता ओलांडायचा, बस. त्याचे किती होतात देव जाणे.
प्र. ३, स्पर्धेचे स्वरूप. हे सोपं. मागच्या हंगामात मिरचीच्या बियाण्यावर त्यांनी सूट दिली, मी जास्त दिली, त्यांनी अजून वाढवली. आठ दिवस अबोला. (चहा मात्र जात-येत होता, ते लिहिलं नाही.)
हे आणि उ.भाऊ जुने दोस्त. ठरवून दोघांनी दोन कंपन्यांच्या एजन्सी घेतल्या होत्या. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा मला साध्या आणि संकरित बियाण्यातला फरक सांगता येत नव्हता. उ.भाऊंनीच शिकवलं. "वयनी, शंबर दाने ओल्या पोत्यात गुंडाळा. सत्तरच्या वर उगवले तरच गिऱ्हाइकाले द्या." माझा माल, माझं गिऱ्हाईक, आणि शिकवणारा समोरच्या कंपनीचा. हे स्वरूप कोणत्या रकान्यात बसवू?

१४ मार्च
प्र. ८, प्रतिस्पर्ध्याची दुकानाची वेळ. आपल्यापेक्षा कमी असल्यास कारण. लिहिलं: दहा ते सात. कारण: आळस.
खरंच आहे. मी आठला उघडते. हा माणूस नऊ वर्षांत दहाच्या आत दिसला नाही. मी रोज चिडवते, "भाऊ, सूर्य कधीचा उगवला!" ते नुसते हसतात.

१८ मार्च
कंपनीचा वाशीमचा साहेब आला. पाणी पिऊन झाल्यावर मुद्द्यावर आला. कंपन्या एक झाल्या की केनवडला एजन्सी एकच राहणार. "ताई, तुमचा खप चांगला आहे. फॉर्ममधे लिवा, बाजारात कंपन्या भरपूर, काई फरक पडत नाई. मग एजन्सी तुमचीच समजा."
"आन समोरचे?"
"त्यायचं वय झालं ना आता."
उ.भाऊ एकसष्ट. मी त्रेपन्न. दुकानाशिवाय दोघांनाही दुसरं काही येत नाही. ती एजन्सी गेली की दुकानात राहतं काय, फवारणीचे पंप आणि सुतळी.
साहेब गेला. फॉर्म बंद करून ठेवला.

२१ मार्च
सिंधूबाईंकडे कुरडया घालायला गेले. उ.भाऊंच्या बायको. चिकाचं पातेलं घोटता घोटता म्हटलं, तुमच्या मालकांना सकाळी उठवत जा हो, सरकारी कागदावर आळशी लिहावं लागलं मला. थट्टाच केली.
सिंधूबाई घोटायच्या थांबल्या. "आळशी? ते पाचालेच उठतेत. आंघोळ, पूजा, समदं सातच्या आत. मंग आंगनात खुर्ची टाकून धा वाजेलोक बसतेत. मी म्हनलं, काहून बसता? तं म्हने, वयनीची भवानी होऊ दे. तिची सुरुवात झाल्याबिगर मी कसा उघडू?"
नऊ वर्षं. दिवसाची पहिली विक्री माझी व्हावी म्हणून.
कुरडया सगळ्या वाकड्या झाल्या.

२२ मार्च
प्र. ८ मधला "आळस" खोडला. खाडाखोडीशेजारी सही करायची असते, ती केली. कारणाची जागा कोरी.
काय लिहू? खरं लिहिलं तर आयोग म्हणेल, यांच्यात स्पर्धाच नाही, मग एक झाल्याने कोणाचं काय बिघडतं? म्हणजे त्यांच्या चांगुलपणानेच त्यांचं दुकान जायचं. खोटं लिहावं तर…

२४ मार्च
आज गंमत. ठरवलं, एक दिवस तरी त्यांची भवानी आधी होऊ दे. घरीच बसले. नऊ, दहा, साडेदहा. अकराला बियाणं घ्यायला आलेल्या किसनमामांचा फोन. "काकू, दोनी दुकानं बंद! कोनी गेलं का काय?"
धावत चौकात. समोरून उ.भाऊ टोपी सावरत धावत येताहेत. माझं शटर उघडायची वाट बघत ते अंगणात, त्यांचं उघडायची वाट बघत मी माजघरात. आणि आठ-दहा शेतकरी उन्हात.
"वयनी, तब्येत बरी नाई का?"
"झोप लागली भाऊ."
"मले बी."
किसनमामा म्हणाले, दोघाईले एकाच दिवशी कशी लागली ब्वा झोप? सगळे हसले. मी शटर वर करेपर्यंत डोळे पुसून घेतले.

२७ मार्च
प्र. १४. भाव थोडा वाढला आणि वाढलेलाच राहिला तर तुमचे गिऱ्हाईक कोठे जाईल?
हा प्रश्न विचारणारा हुशार आहे. दोन दिवस विचार केला.
लिहिलं: सोयाबीनचा भाव वाढला तर घरी जाईल. कोठीतलं घरचं बियाणं काढेल. मिरचीचा वाढला तर रस्ता ओलांडेल, उत्तमभाऊंकडे जाईल. घरची मिरची धरली तर झाड वाढतं, तोडायला पुरेशी मिरची लागत नाही. बाकीच्या कंपन्यांची पाकिटं इथे कोणी घेत नाही, एकदा फसलेले आहेत. दोन्ही कंपन्या एक झाल्या तर रस्ता ओलांडून उपयोग काय?
साहेबाने सांगितलं त्याच्या नेमकं उलट. लिहून झाल्यावर हलकं वाटलं.
प्र. ८ चं कारणही भरलं: मी विधवा झाले तेव्हापासून, माझी विक्री आधी व्हावी म्हणून. भावाच्या चढाओढीत मात्र कधी माघार घेत नाहीत. दोन्ही खरं आहे, आयोगाने बघावं.

३० मार्च
फॉर्म टाकायला वाशीमला गेले. इथल्या पोस्टात टाकला असता तर तासाभरात गावभर झालं असतं. रांगेत माझ्या पुढे चौथा माणूस उ.भाऊ. हातात तोच लिफाफा. आम्हा दोघांनाही चोरी पकडल्यासारखं झालं.
परतीच्या बसमध्ये शेजारी बसलो. त्यांनी फुटाणे घेतले होते. अर्धे माझ्या ओंजळीत टाकले.
मग ते म्हणाले, "वयनी, मी खरं लिवलं."
"मी बी, भाऊ."
काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नियमच आहे तसा.

२ एप्रिल
साहेबाचा फोन. "ताई, लिवलं ना मी सांगतलं तसं?" म्हटलं, दाखवायचं नाही असं लिहिलंय वर. त्याने फोन ठेवला. रागावला असणार. रागावू दे.

९ मे
दिल्लीहून फोन, दुपारी. मुलगी मराठी बोलणारी, गोड आवाजाची. निर्णय अजून नाही, कधी होईल सांगता येत नाही. फक्त एका उत्तराचा खुलासा हवा होता.
"मॅडम, प्रश्न एकोणीस. गावात एकच वितरक राहिला तर कोणाचे, काय नुकसान होईल? तुम्ही शेतकऱ्यांचं लिहिलंय, समोरच्या दुकानदाराचं पानभर लिहिलंय. स्वतःचं काहीच नाही. राहून गेलं का?"
मग ती हसून म्हणाली, "काय आहे ना तुमच्या गावात? आज दुसऱ्यांदा मी हाच प्रश्न विचारतेय."
समोर बघितलं. उ.भाऊ दारात उभे होते, हातातल्या फोनकडे बघत. मग त्यांनी मान वर केली.
मुलीला म्हटलं, बाई, चार दिवस द्या. ती म्हणाली, तेही म्हणाले चार दिवस द्या.
चहा टाकलाय. दोन कप. आज मीच घेऊन जाते.