पुष्पा, गाडी आणि यंदाचा इन्शुरन्स

१४ सप्टेंबर, रविवार
गोतमारेचा मेसेज आला. हा आमचा इन्शुरन्सचा एजंट, दरवर्षी दसऱ्याच्या तोंडावर उगवतो. गाडी आम्ही दसऱ्याला घेतली होती, आणि निम्म्या नागपूरने आपापली गाडी दसऱ्यालाच घेतलेली असते. त्यामुळे या दिवसांत बिचाऱ्याला धड जेवायलाही फुरसत नसते.

यंदाचा प्रीमियम पाहून वाटलं, दुसऱ्या कोणाचा मेसेज चुकून माझ्याकडे आला. चष्मा लावून पुन्हा पाहिला. माझाच. फोन केला तर म्हणतो, "ताई, तुमी क्लेम घेतला ना डिसेंबरात. मंग सूट गेली. इतक्या सालाची जमलेली सूट, एका फटक्यात साफ. वरून रेटही वाढले."

डिसेंबरातला क्लेम म्हणजे पुष्पाचा. पुष्पा मेश्राम, आमची नि तिची भिंत एकच. रविवारी सकाळी मी तिला गाडी शिकवत असे. मंगल कार्यालयामागच्या मैदानातून बाहेर निघताना तिने ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि गाडीची अख्खी डावी बाजू फाटकाच्या खांबाला घासली. दोन्ही दरवाजे गेले. तिने तिथल्या तिथे रडतच पर्स उघडली. मी म्हटलं, "ठेव वं ते पैसे. इन्शुरन्स कशाले भरते मी?" काय ऐट होती माझी तेव्हा!

हे म्हणाले, "तेव्हा तिच्याकडून घेतले असते तर क्लेम करावाच लागला नसता." यांना गाडी येत नाही, आयुष्यभर मागच्या सीटवर बसले, पण बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवतात.

१६ सप्टें., मंगळ
गल्लीत चौकशी केली. सगळ्यांचीच बोंब आहे. देशकर काकांनी गाडीवर ताडपत्री टाकून दिली. महिन्यातून एकदा स्टार्ट करतात, बॅटरी मरू नये म्हणून, आणि बर्डीच्या बाजारात मेट्रोने जातात. समोरच्यांनी नुसतं थर्ड पार्टी घेतलं. म्हणजे दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी देणार, आपल्या गाडीचं आपण बघायचं. बर्वेंच्या सुनेने मोबाइलवर स्वस्तातली कंपनी शोधली म्हणे.

मीही शोधली. सगळीकडे तोच प्रश्न, मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का? 'नाही'वर बोट टेकवणारच होते. हे मागून म्हणाले, "कळते त्याहिले." बोट उचललं.

१९ सप्टें., शुक्र
हे लिहू की नको.

दुपारी व्हरांड्यात बसून गोतमारेशी फोनवर भांडत होते. फोन स्पीकरवर, कारण मला कानाला लावून धड भांडता येत नाही. तावातावाने म्हटलं, "अरे, माह्या हातून इतक्या वर्षांत साधा ओरखडा नाही गेला. ते एक शेजारची बाई, शिकून राहिली होती, तिनं ठोकली. तिच्यापायी मी काहून भुर्दंड भरू?"

तो म्हणे, "कंपनीले काय ताई, कोनंही ठोको."

फोन ठेवून उठले तर फाटकाजवळच्या कट्ट्यावर डबा ठेवलेला. पुष्पाचा, निळ्या झाकणाचा. आत सांबारवडी, भरपूर कोथिंबीर भरून तळलेली. गरम होती. फाटक उघडंच.

किती ऐकलं असेल तिने? गरम होती, म्हणजे नुकतीच ठेवलेली, माझं बोलणं चालू असताना. म्हणजे सगळंच.

२० सप्टें., शनि
डबा धुतला. रिकामा परत करायचा नाही अशी आमची जुनी रीत, म्हणून चिवडा भरला. तिच्या दारात गेले. मेश्राम भाऊजी होते, तिचे यजमान. म्हणाले, "पुष्पा आंगोळीले गेली." दुपारी बारा वाजता! तिची आंघोळ सहाच्या आत होते, हे मला तिच्या सासूपेक्षा जास्त माहीत आहे. डबा देऊन आले.

वडी काल रात्रीच यांनी खाल्ली. मला जाईना.

२१ सप्टें., रवि
सहा ऑक्टोबरला पुष्पाची आरटीओत टेस्ट आहे. डिसेंबरच्या प्रकारानंतर तिने गाडीला हात लावणंच सोडलं होतं, मीच मागे लागून नवीन लर्निंग लायसन्स काढायला लावलं. "पन्नाशीनंतर काय शिकते मी आता," म्हणायची. मी म्हणायचे, "मी शिकली नाही का? तुह्या आईले कुहीहून आणाले किती दिवस माह्या भरवशावर राहशील?"

आज सरावाचा दिवस. मी तयार होऊन किल्ली घेऊन बसले. सात वाजून गेले. मग गल्लीत डोक्यावर पाटी लावलेली ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आली, हॉर्न वाजवला, आणि पुष्पा पदर खोचून तिच्यात जाऊन बसली. माझ्या व्हरांड्याकडे पाहिलंही नाही. फार राग आला. आधी तिचा आला, मग कोणाचा ते समजेना.

२४ सप्टें., बुध
पुष्पा आली होती. बसली नाही. हातात पाकीट. म्हणाली, "ताई, हे ठेवा. जास्तीचा जेवढा प्रीमियम आला तेवढा. भाऊजींले विचारला मी आकडा." म्हणजे यांनी सांगितला! मी म्हटलं, "येडी झाली का तू? मी कधी मागतले?"

"मागच्या वेळी तुमी घेतले असते तं यंदा हे झालंच नसतं ना." आवाज चढवला नाही की काही नाही. चपला ठेवतो त्या रॅकवर पाकीट ठेवून गेली.

यांच्यावर तोंडसुख घेतलं. हे म्हणाले, "तिनं विचारलं, मी सांगतलं. खोटं बोलू का?" या घरात एकटी मीच खोटं बोलायला मोकळी दिसते.

२७ सप्टें., शनि
थर्ड पार्टी घेतलं. गोतमारे चार वेळा म्हणाला, ताई, पुरं घ्या, चांगली गाडी आहे. नाही म्हटलं. आता गाडी फक्त मीच चालवणार, तीही कामापुरती. दुसऱ्या कोणाचा हात स्टिअरिंगला लागणार नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, "दुसरं कोण मागून राहिलं?"

खरंच, कोणीच मागत नाही.

१ ऑक्टो., बुध
उद्या दसरा. दरवर्षी आदल्या दिवशी आम्ही दोघी कुहीला जातो, पुष्पाच्या आईला, म्हणजे मावशीला आणायला. मावशीला दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं असतं. छप्पन साली आईच्या कडेवर बसून गेली होती म्हणते, तेव्हापासून चुकलं नसेल. गाडी मी चालवते, पुष्पा शेजारी बसून डब्यातली भजी काढते, परतताना मावशी मागच्या सीटवर पांढऱ्या पातळात ताठ बसून धानाची शेतं ओळखत येते, हे अमक्याचं, हे तमक्याचं.

मी सकाळी टाकी भरून आणली. टायरची हवा पाहिली. पुष्पाने एकदा फक्त म्हणावं, म्हणून दहा वेळा फाटकापर्यंत जाऊन आले. म्हटलं नाही. मीच जाऊन म्हणायला काय झालं होतं? जीभ काय झडली होती? फोनवर तर चांगली चालते.

चारच्या सुमारास ऑटो थांबला. मावशी उतरली, गुडघ्यावर हात ठेवून. पातळ मळलेलं. एसटीत उभ्याने आली असेल, आज गर्दी किती असते ते साऱ्या नागपूरला माहीत आहे. मी खिडकीच्या पडद्यामागे होते. स्वतःची लाज वाटली, आणि तरी पडदा सोडून बाहेर गेले नाही.

२ ऑक्टो., दसरा
गाडीची पूजा केली. हार घातला, चाकांना हळदकुंकू, लिंबू. जिच्यासाठी पूर्ण विमासुद्धा काढला नाही तिला नमस्कार करताना हसू आलं. कसलंतरीच हसू.

संध्याकाळी मावशी स्वतः खीर घेऊन आली, हळूहळू, भिंतीचा आधार घेत. दीक्षाभूमीवर जाऊन आली होती, मेश्राम भाऊजींनी अर्ध्या रस्त्यापर्यंत स्कूटरवर नेलं, पुढे पायी. म्हणाली, "पुष्पी म्हने तुही गाडी बिघडली. काय झालं वं? लई खर्च आला काय?"

पुष्पाने आईला हे सांगितलं. गाडी बिघडली. माझं नाव खराब होऊ दिलं नाही.

गाडी दारात, हार घालून उभी. मावशीने पाहिली असेल तर काही बोलली नाही. मी म्हटलं, "हो मावशी, बिघडली होती." माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "होते दुरुस्त."

ती गेल्यावर खीर समोर घेऊन रडले. हे टीव्हीचा आवाज कमी करून बसून राहिले.

४ ऑक्टो., शनि
गेले. पाकीट घेऊन. मागच्या दाराने, नेहमी जाते तशी. पुष्पा भाजी निवडत होती. मी पाकीट तिच्यासमोर ठेवलं, म्हटलं, "हे घे. आणि मले माफ कर. पैशासाठी बोलली मी, लाज नाही मले."

तिने पालकाच्या काड्या मोडणं थांबवलं नाही. मग म्हणाली, "पैशाचं नाही वाटलं ताई. प्रीमियम वाढला तं मानूस बोलते. मीही बोलली असती."

"मंग?"

"शेजारची एक बाई म्हटलं ना तुमी. नाव नाही घेतलं." दुसरी जुडी ओढून घेत, "माह्या पोरीच्या बाळंतपणात तुमी होत्या. भाऊजींच्या ऑपरेशनच्या वेळी मी. आन् त्या एजंटापाशी मी एक बाई."

म्हणायचं होतं, त्याला तुझं नाव कशाला सांगायचं म्हणून तसं म्हटलं. पण ते खरं नव्हतं. तिला आपल्यापासून लांब ढकलल्याशिवाय तिच्यावर खापर फोडता येत नव्हतं मला. हे तिथे बसल्याबसल्या कळलं. पाकीट पुन्हा तिच्याकडे सरकवलं.

पाकीट तिने घेतलं नाही. "राहू द्या," म्हणाली. चहा केला. साखर बरोबर माझ्यापुरती. पण निघताना फाटकापर्यंत आली नाही.

६ ऑक्टो., सोम
पुष्पा टेस्ट पास झाली. मला देशकर काकांकडून कळलं. आठचा आकडा आणि रिव्हर्स, दोन्ही एका दमात काढले म्हणे. रिव्हर्स तिला मी शिकवला, आरशात बघ, मान वळवू नको, किती वेळा ओरडले असेन. आज दिवसभर कोणालातरी सांगावंसं वाटत होतं. जिला सांगायचं असतं ती तर तीच.

९ ऑक्टो., गुरु
मावशी रविवारी परत जाणार. आज फाटकात पुष्पा दिसली तेव्हा म्हटलं, "रविवारी मावशीले सोडाले गाडी ने. तू चालव."

ती थांबली. "विमा तं नुसता दुसऱ्याचा आहे ना आता? लागली कुठं तं?"

म्हणजे तेही यांनी सांगितलं आहे.

"लागली तं लागली," म्हटलं. "माही गाडी आहे. तुह्याकडून घेईन पैसे, या वेळी घेईन, बस?"

तिच्या ओठांचा कोपरा हलला असं वाटलं. "पाहू," म्हणाली.

दुपारी गोतमारेला फोन करून पूर्ण विम्याचं विचारलं. तो म्हणे आता गाडीची तपासणी होईल, फोटो काढायला माणूस येईल, पुढच्या आठवड्याशिवाय जमणार नाही. म्हटलं, राहू दे तेव्हापर्यंत. मग त्याला सांगितलं, "आन् ऐक, त्या दिवशी मी शेजारची एक बाई म्हटलं होतं. तिचं नाव पुष्पा मेश्राम. माही मैत्रीण आहे ते." तो गोंधळला. "बरं ताई," म्हणाला. त्याला काय, कोणीही ठोको.

१२ ऑक्टो., रवि, सकाळ
गाडीत बसून लिहिते आहे, हातांना काहीतरी हवं म्हणून.

गाडी पुसली. दसऱ्याचा वाळलेला हार काढला. पुष्पाच्या दारासमोर आणून लावली, किल्ली तशीच ठेवली, उतरले, आणि फिरून डावीकडच्या सीटवर येऊन बसले. हे मागे बसायला निघाले होते, सवयीने. त्यांना घरी ठेवलं. पाकीट समोरच्या कप्प्यात आहे. हॉर्न वाजवायचा नाही असं ठरवलं आहे.

मेश्राम भाऊजींची स्कूटरही बाहेर काढून ठेवलेली दिसते आहे, मावशीला स्टँडवर सोडायला. म्हणजे ठरलेलं काही नाही.

मावशी आली. इकडेतिकडे न बघता मागचं दार उघडून बसली, पिशवी मांडीवर. "झाली वं दुरुस्त?"

"झाली मावशी."

"मंग कोन चालवून राहिलं? तू तं अशी बसली."

मी लिहितेच आहे. ती मागून मान काढून बघते आहे, म्हणते, "काय लिहितं वं, चाल ना, ऊन होते."

पुष्पा बाहेर आली. कुलूप लावलं, ओढून पाहिलं. भाऊजी स्कूटरपाशी उभे, तिच्याकडे बघत. ती आता फाटकाशी आहे. गाडी बघते आहे, पुढची रिकामी सीट बघते आहे. मी मान वर केलेली नाही, आरशात दिसते.

मागचं दार उघडून आईशेजारी बसली, तर मी उठून चालवणार आणि एक शब्द बोलणार नाही. तेवढं मला जमलं पाहिजे.