एकटी बाई म्हणजे कुटुंब नव्हे

६ जुलै

आज मी मोठं माणूस झाले! पारावर नारळ फुटला, अमृतरावांनी माझ्या कपाळाला विभूती लावली, आणि गाव माझ्यावर सोडून सगळे नव्या वसाहतीत गेले. पत्र्याची शेडं हायत तिथं, पण लाईट हाय, शाळा हाय. इथली लाईट तोडून टाकली सरकारी मेल्यांनी. मी म्हटलं, मला कसली घाई? नवरा न्हाई, लेक जळकोटला नांदून राहिली. मी राहते.

अमृतराव आमच्या धरणग्रस्त समितीचे अध्यक्ष. खाली नदीवर दोन राज्यांनी मिळून धरण बांधलंय, त्याचा करार त्यांना तोंडपाठ. "आक्का, गावात एक जरी कुटुंब असलं तर धरणाचे दरवाजे टाकता येत न्हाईत. आणि कुणाला जबरदस्तीनं हलवताही येत न्हाई." दरवाजे टाकले की पाणी मागं चढणार. आधी पुलावर, बाहेर जायची वाट तेवढीच एक, मग घरात. प्लॉट अजून कुणालाच मिळाले न्हाईत. ते मिळेपर्यंत माझी चूल पेटती पाहिजे. पारावर हात ठेवून शब्द दिला.

८ जुलै

हाजराबी दूध घेऊन आली. भिंतीला भिंत लावून आमची घरं, आता तिचं रिकामं. म्हणे, "रत्नम्मा, तू तो रानी बन गई!" लई हसलो. तिच्या कुलपाला हात लावून बघून गेली.

जेवण वसाहतीतून येतं. आज धपाटे, काल शेंगुळे. नवरा गेल्यापासून ज्या बायकांनी मला एका सणाला बोलावलं न्हाई, त्या आता पाया पडून राहिल्या. खोटं कशाला बोलू — बरं वाटतं.

१० जुलै

वर्षाराणीचा फोन. नववा लागला. "अव्वा, पंचमीला मी तिकडं येऊ का तू इकडं येतीस?" म्हटलं, मीच येते. इथं ना लाईट ना डॉक्टर, पूल हा असला. तिच्या सासूची हरकत न्हाई. जावईबापू सोमेश तर म्हणाले, कधीही या. डिंक आणायला सांगितला हाजराबीला.

१४ जुलै

पाहणीला साहेब लोक आले. आपल्याकडचे, तिकडच्या राज्याचेही. मी मुद्दाम चुलीत ओली काटकी घातली, धूर दिसावा म्हणून. तिकडच्या साहेबानं घरात डोकावून बघितलं. "ये तो अकेली औरत है. फ्यामिली किधर है?"

असा राग आला! म्हटलं, भाकर मी थापते, मी खाते, माझं कुटुंब मीच! साहेब हसले. आपल्याकडचे खाली बघत होते. एकटी बाई म्हणजे कुटुंब नव्हे म्हणे. पंचमी झाल्यावर परत येणार, तेव्हा ठरवणार.

अमृतराव हसले न्हाईत. जाताना घराकडं वळून वळून बघत होते.

१७ जुलै

अमृतराव एकटेच आले. प्लॉट न्हाई, नळ न्हाई, पत्र्याखाली माणसं भाजून राहिली, सगळं सांगितलं. डोळे भरून आले त्यांचे. माझेही आले. मग हळूच — "आक्का, वर्षाराणीचे दिवस भरत आले असतील. पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय न्हाई का?"

म्हटलं, मीच जाणार हाय जळकोटला.

"शब्द दिलाय आक्का. पारावर."

शब्द माझा हाय. लेकीचा न्हाई.

२१ जुलै

डिंकाचे लाडू डब्यात भरले, दोन लुगडी पिशवीत घातली आणि निघाले. पुलावर समितीची पोरं पत्ते खेळून राहिली होती. सगळी माझ्या अंगणवाडीतली! एकेकाचं नाक पुसलंय मी. "आक्का, कुठं?" म्हटलं, लेकीकडं. एकानं पिशवी घेतली हातातून, लई मायेनं. "चला, घरी सोडतो." दुसरा मागं, एक पुढं. दारापर्यंत सोडलं. लाडूचा डबा नीट फडताळात ठेवला.

शिव्या दिल्या. ऐकून घेतल्या पोरांनी. परत जाऊन पुलावर बसली.

२२ जुलै

जबरदस्तीनं हलवायचं न्हाई असं करारात लिहिलंय. जबरदस्तीनं ठेवायचं न्हाई, हे कुणी लिहिलंच न्हाई! कुणाला सुचणार?

२४ जुलै

फोन चार्जिंगला नेतात पोरं, सांजेला आणून देतात. परवा नेलेला अजून आला न्हाई. विचारलं तर "बिघडलाय, आक्का."

लेक फोन लावून राहिली असेल. कोण उचलत असेल?

२६ जुलै

हाजराबी आली, दूध ठेवलं, आणि इकडंतिकडं बघून कानात — तुझा फोन अमृतरावाच्या खिशात हाय. तुझ्या लेकीला "आई बीमार हाय, तुझी वाट बघून राहिली" सांगितलं त्यानं. मैं खुद सुनी.

सोमेशचा नंबर मला पाठ हाय, तिच्या तळहातावर लिहून दिला. म्हटलं, येऊ देऊ नको म्हणावं. हात जोडते. मूठ आवळून गेली बिचारी.

२७ जुलै

दूध आज पोरानं आणलं. हाजराबी कुठं विचारलं. "त्या आता येणार न्हाईत."

२८ जुलै

पोरांनी बाज आणली. मागितली नव्हती मी. नवीन सुंभ विणलेली. शेगडी आणली, शेकायला गोवऱ्या आणल्या, वेखंड, ओवा, जुन्या मऊ धोतराची बाळोती. सगळं कसं नीट, आठवणीनं. भिंतीला लावून ठेवून गेली.

कुणाच्या तरी बाईनं घड्या घातल्यात त्या. बाईनं!

आभाळ कोरडं ठाक हाय. आठवडा झाला, थेंब न्हाई. देवा, पाऊस पाड. पूल बुडव. तिची गाडी पलीकडंच अडू दे.

२९ जुलै, पंचमी

सकाळी दारात जीप. वर्षाराणी उतरली, पोट धरून. मला उभी बघून रडायलाच लागली. "अव्वा, तू तर धडधाकट हायस!" सोमेश संगं न्हाईत. कामावर गेल्यावर आणलं हिला. अमृतराव हात जोडून म्हणाले, "आता कुटुंब झालं, आक्का." जीप लगोलग फिरली.

म्हटलं, चल, चालत जाऊ, आत्ताच्या आत्ता. तिचे पाय सुजलेले, बसत-उठत पुलापर्यंत पोचलो दोघी तेव्हा दुपार कलली होती. पोरं नव्हती. पत्ते तरंगून राहिले होते. पाणी धरणाच्या बाजूनं चढून राहिलंय, कठडा दिसत न्हाई.

पाऊस तर पडला न्हाई.