लाल ते साव, काळे ते चोर

चंडीगढ, सेक्टर ४६
२ मार्च

चि. उर्मिलेस,
दादाचे पोटभर आशीर्वाद.

आज सकाळी खाली बीजी सतरंजी झोडपत होत्या आणि मी एकदम कऱ्हाडच्या शाळेत जाऊन पोचलो. आठवते का, माझा चौथीचा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा आणि शेवटच्या ओळीला सगळी पोरे पाट्या बाकावर आपटायची? धाडकन्! तू वरच्या मजल्यावर आठवीला बेडूक शिकवत असायचीस आणि मधल्या सुट्टीत येऊन भांडायचीस, की तुझ्या कवितेने माझा बेडूक दचकतो. खिडकीशी डोळे मिटून उभा राहिलो, तर सूनबाईने, संपदाने विचारले की बाबा, चहा निवतोय, कुठे हरवलात.

बीजी म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. तळमजला त्यांचा, वरचा आमचा. अंगणातली बाग त्यांच्या यजमानांनी, सरदारजींनी लावलेली. ते गेले, गुलाब राहिले. बीजी त्यांना माणसांसारखे जपतात. हेच गुलाब नातीच्या, आपल्या मैत्रेयीच्या खिडकीखाली आहेत आणि सगळी कटकट तिथेच आहे. गुलाबांवर मावा पडलाय. कोवळ्या कळ्यांवर हिरव्या उवा चिकटाव्यात तसा. बीजींनी माळ्याला औषध मारायला सांगितले. गेल्या ऑक्टोबरात मारले होते, त्याच संध्याकाळी पोरीला धाप लागली आणि सेक्टर ३२च्या हॉस्पिटलात दाखल करावे लागले. सात वर्षांचे लेकरू, ओठ निळे पडलेले. ते मी विसरू शकत नाही, उमे.

बीजींचे म्हणणे, तो परालीचा धूर होता, शेते जाळतात त्याचा; औषधाला उगाच बदनाम करू नका. डॉक्टरही म्हणाले की दोन्हीपैकी काहीही असू शकेल. तिचा बाप हेरंब नोकरीवर आसामात, कुटुंब न्यायची सोय नाही, शाळेच्या परीक्षा तोंडावर. घर तरी कुठे बदलणार? मग मीच खाली जाऊन बीजींना शब्द दिला की औषध नको, मी हाताने एकेक किडा वेचतो. त्या हसल्या. मास्टरजी, कविता छोडके कीडे, असे काहीसे म्हणाल्या. पण होळीनंतरच्या दुसऱ्या रविवारपर्यंत मुदत दिली. तोवर बाग स्वच्छ झाली तर ठीक, नाहीतर माळी येणार.

तर रोज सकाळी पाण्याची बशी घेऊन वेचतो. मुख्य चोर सापडलाय. काळा, काटेरी, अंगावर केशरी ठिपके, बोटाच्या नखाएवढी मगरच म्हण. माव्याच्या गर्दीत हाच फिरत असतो. दोन-तीन नमुने चिकटपट्टीने कागदावर डकवून पाठवतोय. मावा इवलासा, तो बोटाने कुठवर पुसणार? म्हणून आधी या राक्षसांच्या मागे लागलोय.

एक सुखाची गोष्टही आहे. वांग्यांवर तांबूस-लाल, ठिपक्याठिपक्यांचे गोल भुंगे आलेत. इतके देखणे, जणू मखमलीच्या टिकल्या. आपण मुलांना हेच तर दाखवायचो. त्यांना मी हातही लावत नाही. उलट वाटेवर पडलेले उचलून पानावर ठेवतो. त्याच झाडाचे एक पान पाठवतोय, वहीत दाबून ठेव. निसर्गाने कशी नाजूक जाळी विणलीय बघ.

तुझ्या कानातले यंत्र फोनवर शिट्टी मारते, आणि तुझ्या बटणांच्या फोनवर फोटो येत नाही, तेव्हा पत्रच लिही. पण लवकर. दादाला विसरू नकोस.

तुझा,
श्यामसुंदर


कऱ्हाड
८ मार्च

ती. दादास,
उर्मिलेचा वाकून नमस्कार, आणि मग लगेच भांडण.

दादा, तू हे काय केलेस? पाकीट उघडले आणि मला रडावे की हसावे कळेना. तू पाठवलेली ती काळी मगर म्हणजे लेडीबर्डचे, ढालकिड्याचे, बाळ आहे. मोठेपणी लाल होते, गोल होते, पण बाळपणी असेच भुतासारखे दिसते. आणि ते माव्याच्या गर्दीत फिरते ते चोरी करायला नव्हे, जेवायला. दिवसभर मावाच खाते. बीजींची बाग फुकट राखणारे तेच, आणि तू त्यांना बशीत बुडवून मारतोयस. मावा हटत का नाही, याचे उत्तर तू स्वतःच चिकटपट्टीने पाठवलेस.

आता तुझ्या मखमलीच्या टिकल्या. पाठ चकचकीत आहे की मंद, बारीक लव असल्यासारखी? ठिपके मोजके आहेत की पुष्कळ? मंद पाठ आणि पुष्कळ ठिपके असतील, तर तो पानखाऊ भुंगा. तुमच्याकडे त्याला हड्डा म्हणतात. दिसतो लेडीबर्डचा चुलतभाऊ, आहेही, पण पोट वेगळे. खरे तर मला उत्तर हवेच नाही. तू पाठवलेली नाजूक जाळी निसर्गाने विणलेली नाही, दादा. ते पान त्याने खरवडून खाल्लेय. वांगी धोक्यात आहेत आणि तू पडलेल्यांना उचलून परत ताटावर बसवतोयस!

रागावू नकोस. चाळीस वर्षे तू मुलांना सुंदर ते चांगले, असे शिकवलेस. किड्यांना ते कुणी शिकवलेले नाही. तोंड बघू नकोस, ते काय खाते ते बघ. झाडापाशी स्टूल टाक आणि नुसता बसून राहा, एवढे तुला जमते. हड्डा आणि त्याची पिवळी काटेरी पिल्ले साबणाच्या पाण्यात टाक. पानाखाली पिवळ्या अंड्यांचा घोस दिसला तर घाई करू नकोस: वांग्यावर असेल तर बहुधा शत्रू, माव्याशेजारी गुलाबावर असेल तर बहुधा मित्र. गुलाबांना सकाळी पाण्याची जोरदार धार मार, पण मित्र नसतील त्या फांदीवर. आणि खोडावर मुंग्या चढत असतील तर त्यांना अडव. माव्याचा गोड रस मिळतो म्हणून त्या पहारा करतात आणि पिल्लांना हाकलतात.

मैत्रेयीची काळजी वाटते. वाफाऱ्याचे यंत्र जवळ ठेवा. लोभ आहेच, तो असाच असू दे.

तुझी,
उर्मिला


चंडीगढ
१५ मार्च

चि. उमेस,
दादाचे आशीर्वाद, या वेळी मान खाली घालून.

तुझे पत्र होळीच्या आदल्या दिवशी आले. वाचले आणि बशीकडे बघवेना. इतकी लेकरे मी माझ्या हाताने बुडवली, आणि तीही मैत्रेयीच्या श्वासासाठी. लगेच गुलाबांकडे गेलो. एकही मगर दिसेना. उरले होते ते मी नव्हे, माळ्याने चिरडले. तो म्हणाला की बाऊजी, तुम्हीच बीजींना बशी दाखवून सांगितले होते ना, हेच बदमाश आहेत म्हणून?

बीजींकडे गेलो. त्या खुर्चीत मटार सोलत होत्या. मी सगळे उलट सांगितले, की काळे ते आपले आणि लाल ते परके. त्यांनी ऐकून घेतले, एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, मास्टरजी, मागच्या आठवड्यात काला चोर था, आज काला साहब हो गया. पुढच्या आठवड्यात काय होईल? शेवटी त्या म्हणाल्या की संडे म्हणजे संडे. गुलाब सुकले तर सरदारजींना वर जाऊन काय तोंड दाखवू? आवाज चढवून नव्हे, हळू म्हणाल्या. म्हणून जास्त लागले.

काल संध्याकाळी पोरीला रंगांमुळे थोडी घरघर झाली. वाफारा दिल्यावर घरघर बसली, पण तेवढ्या वेळात संपदाचा चेहरा बघवत नव्हता. ती मोहालीच्या नोकरीवरून दमून येते. तिने मला काही दूषण दिले नाही, एवढेच म्हणाली की बाबा, तुम्ही वेचले नसतेत तरी चालले असते. उमे, खरे होते.

मग आज सकाळी मला सुचले. घरामागच्या सार्वजनिक बागेत औषध कोणी मारत नाही. तिथली मोहरी आणि हॉलीहॉकची फुलझाडे माव्याने भरलीत. मैत्रेयीला मास्क लावून घेऊन गेलो. लेडीबर्डची पिल्ले तिलाच आधी दिसली. तिने मराठीतून नव्हे, हिंदीतून सांगितले की आजोबा, ये देखो, आपके राक्षस. डब्यात भरून आणलीत, खायला ठेवले नाही. उद्या गुलाबावर सोडतो. चूक होत असेल तर तारेसारखे लिही.

तुझा,
दादा


कऱ्हाड
१९ मार्च

ती. दादास नमस्कार.

पत्र पोचताच लिहिते आहे. डब्यात एकत्र आणि उपाशी ठेवू नकोस. भुकेली असली की एकमेकांना खातात. तोवर तू सोडली असशील, तरी सांगते, सोडायचे संध्याकाळी, झाडावर पाणी शिंपडून, माव्यानेच भरलेल्या फांदीवर. एका झाडावर दोन-चार पुरेत. डब्यात काही मेली असतील तर खचू नकोस. ती तशीच असतात.

आणि एक खरे सांगते, जरी तुला बरे वाटणार नाही. रविवारपर्यंत मावा संपणार नाही. त्यांना तारीख कळत नाही. अर्धे गुलाब हलके झाले तरी खूप झाले. तेव्हा बीजींना स्वच्छ बाग दाखवायचा हट्ट सोड. तू भाषण देतोस. मुले तुझे ऐकत, मोठी माणसे ऐकत नाहीत. त्यांना काही सिद्ध करून देऊ नकोस, फक्त बघायला बोलाव. बघितलेले त्यांचे स्वतःचे असते.

आणि तरीही औषध मारायचेच ठरले, तर मैत्रेयीला दोन-तीन दिवस बाहेर न्या. हे आधी ठरवून ठेव. शौर्य नको.

लेकराला गालावर माझा पापा. तुझी उर्मिला कायमच तुझी.


चंडीगढ
२३ मार्च, रविवार सकाळ

चि. उमेस,
आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. पिल्ले त्याआधीच सोडली होती, सकाळी आणि उपाशी. दोन डब्यातच संपली होती. उरलेल्यांनी मात्र पांग फेडले. खिडकीखालच्या झुडपाचे शेंडे बऱ्यापैकी मोकळे झालेत. पलीकडचे तीन अजून तसेच चिकट आहेत. मुंग्यांना खोडावर तेलकट चिंध्या बांधून अडवले. हड्डे साबणाच्या पाण्यात रोज पडतात. मन घट्ट करून टाकतो. देखणेपणाची एवढी किंमत मोजायची सवय नव्हती.

ते वाचून काल दुपारीच बीजींना म्हटले की एकदा या, शेंड्यावर बसलेली पिल्ले बघा. त्या म्हणाल्या, तुमचे किडे मला चष्म्याशिवायही दिसतात आणि चष्मा लावूनही. शेंड्यावर दिसले काय, नाही दिसले काय. मी भाषण दिले नाही. फार जड गेले. एवढेच सांगितले, की माझी बहीण सांगते, तोंड बघू नका, तो काय खातो ते बघा. त्या मटारांची परात उचलून आत गेल्या.

काल सायंकाळी संपदाने ठरवले. मैत्रेयीला घेऊन ती आज पहाटेच पंचकुल्याला मैत्रिणीकडे गेली, औषधांची पिशवी, वाफाऱ्याचे यंत्र आणि शाळेचे दप्तर घेऊन. किती दिवस, ते सांगितले नाही. जाताना पोरीने मला विचारले की राक्षस वाचतील ना. मी हो म्हणालो. खोटे बोललो की काय, ते आज कळेल. तिची खिडकी मी घट्ट लावून घेतलीय, कडेला ओले फडके लावलेय, पण मला ठाऊक आहे, गाद्या-पडद्यांत बसलेला वास कित्येक दिवस उतरत नाही.

माळी आलाय. खाली नळाखाली फवाऱ्याची टाकी ठेवलीय. टाकी भरत चालल्याचा आवाज वर येतोय, आणि तो जितका जाड होतोय तितकी माझी अक्षरे बारीक होताहेत. खाली जाऊन पुन्हा विनवणी करू का, उमे? तू नको म्हणालीस. तरी पाय उठतात. बसून राहतो, तुझे ऐकतो.

जे होईल ते कळवतो. तुझ्या भावाला मनात ठेव.

तुझा,
दादा

ता. क. — पाकीट चिकटवणार एवढ्यात दारावर थाप पडली. माळी खिडक्या लावून घ्या म्हणून सांगायला आला असेल, असे समजून मी उघडले. दारात बीजी! ज्यांचे गुडघे आमच्या जिन्याकडे बघतही नाहीत, त्या कठडा धरधरून वर आलेल्या. ओढणीचा कोपरा दोन्ही हातांनी ओंजळीसारखा धरलेला. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि त्या दम घेईपर्यंत हे लिहितो आहे. खाली टाकी भरली असणार, पण खिडकीतून बघितले तर माळी नुसता बसलाय. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही, असे बीजींनीच बजावले असणार. ओढणीत एक बारीक, हिरवट, पारदर्शक पंखांचे पाखरू आहे, मी आजवर न पाहिलेले. ना काळे, ना लाल. बीजी अजून धापा टाकताहेत, नीट बोलता येत नाही, तरी मला हाताने थांबवून त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती हीच, की मास्टरजी, हा खातो काय?