तळमजल्याची खोली कोणाला, आणि का

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, टेलिफोन एक्स्चेंजची निवृत्त पर्यवेक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मोडले आहे ते खुब्याचे हाड. कोणाला शंका असल्यास साक्षीदार क्रमांक एक, म्हणजे माझे डॉक्टर, यांना विचारावे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा प्रयत्न दोघांनी करून पाहिला, त्यांची नोंद पुढे आहे.

१. सहा वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात माझ्या मालकीची तळमजल्याची खोली मी ‘दुपारच्या मंडळी’ला दिली होती. ही मंडळी मीच जमवली. एकटी राहणारी चौदा म्हातारी माणसे, रोज तीन ते सहा. खुर्चीत बसून व्यायाम, वर्तमानपत्राचे मोठ्याने वाचन, कॅरम, गुरुवारी रक्तदाब तपासणी. आता ती खोली त्यांना मिळणार नाही. कारण कलम चारमध्ये.

२. पहिल्या मजल्यावरचे राहते घर मुलाला. तळमजल्याची खोलीही त्यालाच हवी होती, गाडी ठेवायला. “आई, त्या लोकांनी तुला मरायला सोडलं, आणि तू अजून त्यांचाच विचार करतेस,” असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे आहे, पण तेवढ्याने त्याच्या गाडीला छप्पर मिळणार नाही. मी पडले त्या दिवशी त्यानेही फोन केला नव्हता. तो रविवारी करतो.

३. माझी पुस्तके, शब्दकोश आणि शाईची पेने सुनेला. ती वाचते, आणि न विचारता सल्ला देत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने सुंदर अक्षरासाठी दिलेले पदकही तिलाच. मुलाचे अक्षर डॉक्टरांपेक्षा वाईट आहे. डॉक्टरांनी राग मानू नये.

४. आता कारण. एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षे काढल्यामुळे मंडळीसाठी एक नियम मी घालून दिला होता. सकाळी आठ वाजता प्रत्येकाने यादीतल्या एकाला फोन करायचा. उत्तर आले की खाली खोलीतल्या वहीत त्याच्या नावापुढे ‘ठीक’ लिहायचे. दोनदा करूनही फोन उचलला नाही, तर जादा किल्ली घेऊन दारात जायचे. मला फोन करण्याचे काम माझ्या मैत्रिणीकडे होते. शाळेपासूनची मैत्रीण, एका बाकावरची. माझी जादा किल्ली तिच्याच पर्समध्ये असते.

बुधवारी पावणेआठला मी न्हाणीघरात पडले. आठ वाजता बाहेर फोन वाजला. मी मनात म्हटले, सुटले. पुन्हा वाजला. मी केस सारखे केले, ती येईल म्हणून.

ती आली नाही. तिने वहीत ‘ठीक’ लिहिले.

आदल्या दिवशी वर्तमानपत्र वाचताना मी चारचौघांत तिचे उच्चार तीनदा सुधारले होते. तिला वाटले, मी रुसून फोन उचलत नाही. सत्तर वर्षांत मी तिच्यावर ओरडले असेन, तिला मूर्खही म्हणाले असेन. अबोला एकदाही धरलेला नाही. गप्प बसणे मला जमत नाही, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक आहे?

तीन वाजता मंडळी जमली. खोली माझ्या न्हाणीघराच्या बरोबर खाली. खुर्च्या सरकल्या, कॅरमच्या सोंगट्या वाजल्या. “आज वरच्या बाईसाहेब फुगल्यात,” हा मैत्रिणीचा आवाज मी ओळखला. सगळे हसले. मी तांब्याने फरशी बडवली. एरवी मी वर असताना गोंगाट झाला की काठीने फरशी ठोकते, म्हणून खालचा आवाज लगेच खाली आला. मी जोराने बडवले तसे ते कुजबुजू लागले. इतकी आज्ञाधारक माणसे मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

साडेपाचला खोली झाडणारी बाई आली. तिने एकदाच कान दिला आणि विचारले, “ताईंची काठी कुठंय? हे भांडं वाजतंय, आणि थांबत नाही.” मैत्रिणीच्या पर्समधली किल्ली तिने स्वतः काढून घेतली आणि जिना चढली. मला झाकले, डोके मांडीवर घेतले, आणि म्हणाली, “ताई, तुम्ही ओरडा माझ्यावर, म्हणजे मला कळेल शुद्धीवर आहात.” मी ओरडले.

५. इस्पितळातून आल्यावर मी वही मागवली आणि त्या ‘ठीक’वर लाल शाईने ‘खोटे’ लिहिले. दुसऱ्या दिवशी ते पानच नाही! मंडळीचे अध्यक्ष, निवृत्त शिंपी, यांनी ते कात्रीने कापले होते. शिलाईत त्यांची कात्री इतकी सरळ कधी चालली नाही. मला म्हणाले, “ताई, पुढच्या आठवड्यात आपलं काम बघायला पाहुणे येणार आहेत. एका चुकीपायी चौदा जणांची अब्रू कशाला घालवायची?” मी विचारले, “चौदात मी धरून का?” ते चष्मा पुसत बसले. बाकी बारा जणांपैकी एकानेही ‘पान कुठे आहे’ असे विचारले नाही. हाड मोडले त्याचे दुखणे कमी होत आले आहे. हे होत नाही.

६. म्हणून तळमजल्याची खोली, खुर्च्या, कॅरम आणि रक्तदाबाच्या यंत्रासह, मी खोली झाडणाऱ्या बाईला पूर्ण मालकीहक्काने देते. ती नको म्हणत होती. “ताई, मंडळी मला शिव्या घालतील.” मी म्हटले, “चपला काढा म्हणतेस तेव्हाही घालतातच.” मंडळीला तिथे बसू द्यायचे की नाही हे तिने ठरवावे. बसू दिल्यास सकाळच्या फोनची वही तिच्या ताब्यात राहील, आणि अध्यक्षांनी कात्री घरी ठेवून यावे.

७. मैत्रिणीला काहीही नाही. हे कलम ती समोर बसलेली असताना लिहीत आहे. मी बोलावले म्हणून आली, निरोप गेल्यावर दहा मिनिटांत.

“काहीच नाही? तुझी ती जुनी शालसुद्धा नाही?”

“नाही.”

“अगं, मी चुकले. किती वेळा म्हणू?”

“ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले. मला साक्षीदार तू हवी आहेस.”

“मीच का?”

“साक्षीदाराला समोर बसून बघावं लागतं. लांबून लिहून चालत नाही.”

ती रडते आहे. मी तिला पाणी दिलेले नाही. पाण्याचा जग तिच्या हाताशीच आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे.

ठिकाण: पहिला मजला, रस्त्याकडची खोली
दिनांक: ९ सप्टेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: बाईंना मी आज तपासले. बुद्धी शाबूत, स्मरणशक्ती गरजेपेक्षा जास्त. त्यांनी माझ्यासमोर सही केली.
(सही) डॉक्टर

साक्षीदार २: हिने माझ्यासमोर सही केली, मी डोळ्यांनी पाहिली. मी विचारलं, बरी आहेस का? नाही म्हणाली. तसंच लिहिते आहे.
(सही) मैत्रीण